लाल चिठ्ठीचा खालचा भाग

सोमवार, ३ मार्च

झाली बाई बदली एकदाची. चौदा वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या, आजपासून पालिकेच्या दातांच्या दवाखान्यात खिडकी क्रमांक एक. नोंदणीला येणारी माणसं कशी गपगार असायची. इथे पहिलाच गडी आला तो जबड्याला पंचा बांधून, आणि दुसऱ्याने माझ्या खिडकीखालीच रक्ताची गुळणी टाकली. अगं आई गं! मी खुर्चीतून उठलेच.

जुने कारकून आज निवृत्त झाले. त्यांनी वीस मिनिटांत कारभार सोपवला, तोही पिशवी खांद्याला अडकवून. म्हणाले, "दोन वह्या आहेत. नुसतं दाखवायचंय म्हणाला की पांढरी चिठ्ठी, तीन आठवड्यांनंतरची तारीख. दुखतंय म्हणाला की लाल, तो आजच आत. लालचे पैसे लगेच घ्यायचे." लाल चिठ्ठीला मध्ये टिंबांची रेघ आहे. खालच्या भागात बारा रकाने आणि मुंगीएवढ्या अक्षरांत काहीबाही. ते कसं भरायचं, विचारलं तर हसले. "भरत बसाल तर रांग फाटकाबाहेर जाईल. वरचं हातात द्यायचं, खालचं टोपलीत. मी अकरा वर्षं हेच केलं."

घरी आल्यावर दादाने विचारलं, "काय कारकूनबाई, कसा गेला पहिला दिवस?" म्हटलं, दिवसभर लोक दात काढत होते. तो म्हणाला, "आमची ही घरबसल्या काढते, तेही फुकट." वहिनीने लाटणं उगारलं.

मंगळवार, ४ मार्च

दुपारी सफाईवाल्या मावशी माझ्यासमोरून पांढरा ट्रे घेऊन गेल्या. त्यात दात होते. एका दिवसाचे! मी विचारलं, किती असतील हो? त्या म्हणाल्या, "आज एकोणचाळीस. सोमवारी जास्त असतात." मला डबा उघडवेना.

एकोणचाळीस माणसं आज आपला एक-एक दात ठेवून घरी गेली, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. माणसं स्वतःच्या तोंडाची इतकी हेळसांड कशी करतात? मी तर हातच टेकले.

शुक्रवार, १४ मार्च

आज माझी पाठ थोपटली गेली, म्हणून लिहितेय.

प्रत्येक चिठ्ठी मधून फाडताना ती वेडीवाकडी फाटते, वेळ जातो. मी काय केलं, घरून दादाची पोलादी पट्टी नेली. सकाळी चहा पिता पिता अख्ख्या वहीवर टिंबांच्या रेघेशी पट्टी धरायची आणि खालचे भाग सर्रकन ओढून काढायचे. शंभर चिठ्ठ्या, दहा मिनिटं! मग दिवसभर नाव, वय, पैसे, पुढे चला. दवाखान्याचे साहेब स्वतः खिडकीशी आले. म्हणाले, "इथे रांग पायरीपर्यंतच थांबलेली मी पहिल्यांदा पाहतोय. असं काम हवं." मावशी मात्र कुरकुरल्या, त्यांना दोन टोपल्या रिकाम्या कराव्या लागतात. सगळ्यांना खूश ठेवायला मी काही देव नाही.

एक मास्तर आले होते, पंचेचाळिशीचे. लाल चिठ्ठी हातात घेऊन तिथेच घुटमळले. "वाचेल का हो दात? साधारण किती लागतात?" मी म्हटलं, वाचवायचं-बिचवायचं सगळं बाहेरच्या दवाखान्यात, इथे काढून देतात. दराची पाटी कुठे आहे म्हणाले. ती भिंतीवर आहे, पण तिच्यापुढे कुणीतरी कपाट ठेवलंय, वरची ओळ तेवढी दिसते. मी तेही सांगितलं. ते म्हणाले, "बाहेर विचारून आलोय. बाहेरचं नाव नको." आणि गेले आत. आता यात मी काय करणार?

बुधवार, १९ मार्च

दादाला पत्र आलं! पालिकेच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटची कायमची जागा निघालीय, चाचणी २४ एप्रिलला. एकोणीस वर्षं रोजंदारीवर वाजवतोय. कुणी आजारी पडलं की याला बोलावणं, कुणाला बरं वाटलं की हा घरी. वय सत्तेचाळीस. अर्जाची मर्यादा पन्नास. म्हणजे हीच शेवटची संधी, आणि हे आम्हा तिघांनाही न बोलता कळलंय. माझ्या टायपिंगच्या क्लासची फी याच नळीतून आली होती, हे मी विसरलेली नाही.

वहिनी आनंदाने रडायलाच लागली. दादा तिला म्हणाला, "अजून वाजवायचं बाकी आहे, टाळ्या आधी कशाला?"

चहा मात्र त्याने निववून निववून पाणी केला आणि मग प्यायला. मी आणलेल्या बर्फीला हात लावला नाही. हल्ली तो गोड टाळतो, गार पाणी टाळतो, दिवस दिवस गप्प असतो. चाचणीचं टेन्शन असणार. शिवाय पन्नाशी जवळ आली की माणसं जरा चमत्कारिकच होतात.

शनिवार, २९ मार्च

एक शिवणकाम करणारी बाई आज तिसऱ्यांदा आली. या महिन्यातला तिसरा दात. दोरा दाताने तोडते म्हणे. मी रागावलेच तिच्यावर, कात्री नाही का घरात? ती हसली, तळहात तोंडापुढे धरून. "ताई, तुम्ही आल्यापासून पटकन होतं बघा. आधीचे काका तास तास उभं करायचे." आणि माझ्यासाठी कडेने विणलेला रुमाल आणला होता. मी नको नको म्हणताना खिडकीतून आत सरकवला.

इतक्या वर्षांत नोंदणीत कुणी मला साधा रुमाल दिला नव्हता. मृत्यूचा दाखला घेऊन कोण रुमाल देणार म्हणा. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी दादाचा वरचा ओठ एवढा सुजलेला! नाकाखाली जणू लिंबू ठेवलंय. वहिनी किंचाळलीच. मग सगळं बाहेर आलं. वरचा पुढचा दात महिनाभर ठणकतोय. रात्री उशीत तोंड खुपसून पडायचा, आणि आम्हाला वाटायचं स्वारी झोपली.

"बोलला का नाहीस?" मी ओरडले. तो म्हणाला, "तू रोज येऊन सांगायचीस, लोक कशी हेळसांड करतात म्हणून. म्हटलं, आपण कशाला त्यांच्यात जमा व्हायचं?"

मग त्याने हळूच विचारलं, "वाचेल ना गं?" क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दोन दात तोंडात धरायच्या टोकावर टेकवावे लागतात, त्या दातांच्या आधारावर सगळा सूर. हा दात गेला तर चाचणीला जायचंच कारण उरत नाही. तो बाहेरच्या एका दवाखान्यात विचारूनही आला होता. त्यांनी सांगितलेला आकडा वहिनीने ऐकला आणि मटकन खालीच बसली.

मी म्हटलं, काही काळजी करू नकोस. मी खिडकीवर बसते ती काय उगाच? उद्या सकाळी पहिला नंबर तुझा. आमच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, बघतील काहीतरी. सगळ्यांना 'इथे काढतात' सांगणारी मी, पण आपल्या माणसाचं वेगळं असतं असं मला अगदी मनापासून वाटलं.

बुधवार, ९ एप्रिल

काढला.

अकरा मिनिटांत बाहेर आला, ओठात कापूस. मी खिडकीतून घड्याळ बघत होते. लाल चिठ्ठी मीच दिली होती, सगळ्यांच्या आधी, पैसेही माझ्या पर्समधून भरले. मला वाटलं गोळ्या देतील, सूज उतरवतील, मग बोलू. तो समोर आला आणि त्याने मूठ उघडली. मुठीत कागदाच्या घडीत दात!

दोन मिनिटं रांगेतला माणूस "ओ ताई, ओ ताई" करत होता आणि मला ऐकूच येत नव्हतं.

दादाने खुणेने सांगितलं, घरी जातो. पाठ ताठ ठेवून गेला. त्या बाईला जरा विचार करायचा नव्हता? एक शब्द विचारायचा नव्हता? पुढचा दात आहे, माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे! उद्या तिला सोडत नाही मी. साहेबांपर्यंत जाईन, वर्तमानपत्रात देईन.

गुरुवार, १० एप्रिल

कुठून सुरुवात करू?

खिडकी उघडण्याआधीच गेले तिच्या खोलीत. दार लावलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण त्यांच्याकडे खालचा भाग नव्हता."

"कसला खालचा भाग?"

"लाल चिठ्ठीचा. तो असला तर मी दात उघडून पू काढते, औषध भरते आणि उजवीकडच्या खोलीत पुढची तारीख देते. तो नसला तर पुढची तारीखच देता येत नाही. मग त्या दुखण्यावर मला एकच उपाय उरतो."

तिने तिच्या खणातून एक कोरी लाल चिठ्ठी काढली, अख्खी, न फाडलेली. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मुंगीएवढी अक्षरं वाचली. 'दात वाचवायचा असल्यास हा भाग रुग्णाकडे द्यावा. मूळ साफ करून भरणे, औषध भरणे व त्यासाठीच्या सर्व फेऱ्या वर भरलेल्या शुल्कातच अंतर्भूत आहेत. दोन महिन्यांत पुन्हा पैसे घेऊ नयेत.'

वर भरलेल्या शुल्कातच. म्हणजे जे पैसे मी रोज, प्रत्येकाकडून, सुट्टे द्या म्हणून दरडावून घेत होते, ते दात वाचवण्याचे होते. लोकांनी पैसे भरले, पूर्ण भरले, आणि दात काढून घेऊन घरी गेले! कपाळ माझं, कपाळ!

ती म्हणाली, "मला इथे येऊन सव्वा वर्ष झालं. एकानेही खालचा भाग आणला नाही. सुरुवातीला प्रत्येकाला विचारायचे, तर लोक म्हणायचे, एवढीच दिली. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडच्या लोकांना काढून मोकळं व्हायचं असतं. मलाही तेच वाटायला लागलं होतं, की इथल्या माणसांना दातांची काही पडलेलीच नाही."

मग तिने उजवीकडची खोली उघडून दाखवली. खुर्ची, दिवा, यंत्र. यंत्रावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. मी म्हटलं, पांढऱ्या चिठ्ठीवाले? ती म्हणाली, "जे तीन आठवडे थांबू शकतात त्यांचे दात दुखतच नसतात."

मी जागेवर येऊन बसले. समोर आजची वही होती, पट्टीने फाडून तयार ठेवलेली. मी आल्यापासून अकरा वह्या संपल्या, बारावी अर्धी झालीय. प्रत्येक वहीत शंभर.

शुक्रवार, ११ एप्रिल

नवीन वही काढली. एकही चिठ्ठी फाडली नाही. आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, दात वाचत असेल तर याच पैशांत वाचवतात, हा भाग सांभाळा, डॉक्टरांना दाखवा. एका माणसाला तीन-तीन मिनिटं. अकरा वाजता रांग फाटकाबाहेर गेली. लोक चिडले. एक आजोबा खेकसले, "आधी बरं होतं, आता काय पुराण सांगत बसलीय!" एका बाईने तर खालचा भाग माझ्यासमोर टाकला. म्हणाली, याच पैशांत कोण वाचवतं हो, आत गेल्यावर बिल लावाल, आम्ही काय आज जन्मलो? तिला पटवता पटवता माझा घसा बसला. खोटं लोकांना लगेच पटलं होतं आणि खरं सांगायला माझी दमछाक होत होती.

साहेब आले. मी त्यांना सगळं सांगितलं, चिठ्ठी हातात दिली. त्यांनी वाचलीसुद्धा नाही. "हो हो, माहितीय. पण ते सगळ्यांना सांगायला लागलो तर झालंच. आहे एक डॉक्टर. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचं काम उत्तम होतं." उत्तम! म्हणजे हा माणूस मला चुकीची शाबासकी देत नव्हता. त्याला माझ्याकडून नेमकं हेच हवं होतं.

मी म्हटलं, लेखी द्या, फाडून टाका म्हणून. ते गेले.

संध्याकाळी मावशींना थांबवून ट्रे बघितला. नऊ दात. त्यातले चार एकाच म्हाताऱ्याचे, हलत होते म्हणे. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. मावशी म्हणाल्या, "बाई, पाणी देऊ का?"

घरी दादाला काही सांगितलं नाही. डॉक्टरने काय म्हटलं, त्याने विचारलं. मी म्हटलं, कामात होती.

रविवार, १३ एप्रिल

आज सांगितलं.

चार दिवस तो वाद्याच्या पेटीला हात न लावता बसला होता. सकाळी त्याने पेटी उघडली, नळ्या जोडल्या, तोंडाला लावलं. नुसती हवा. दुसऱ्यांदा नुसती हवा आणि एक किंकाळी. वहिनी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. खोटा दात बसवायला हिरडी भरून यायला हवी, तीन महिने तरी. मी हे डॉक्टरला आधीच विचारलं होतं.

मी त्याच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. पट्टीने कसं फाडायचे तेही. तुझ्याच पट्टीने, म्हटलं. त्याने मान वर केली नाही, फडक्याने नळी पुसत राहिला.

मग म्हणाला, "तिने विचारलं होतं मला."

"काय विचारलं होतं?"

"वाचवायचाय का? तर खालचा भाग आणा म्हणाली, खिडकीवर मिळतो. मी म्हटलं, खिडकीवर माझी सख्खी बहीण बसते. तसं काही असतं तर तिने मला दिलं नसतं का?"

तिने त्याला परत पाठवायला हवं होतं असंसुद्धा मला म्हणता आलं नाही. त्याने माझी अब्रू राखली, त्या खुर्चीत, तोंड उघडं असताना, दुखत असताना. मी ओक्साबोक्शी रडले. तो म्हणाला, "पुरे, मला जास्त बोलवत नाही, टाका ओढतो."

गुरुवार, २४ एप्रिल

तो जाणार नाही असं मी धरून चालले होते. सकाळी बघते तर शर्टाला इस्त्री करून तयार. म्हणाला, "नाव पुकारतील. ओ द्यायला कुणीतरी नको का?" वहिनी सोबत गेली. मी कामावर गेले. साहेबांनी कालच माझ्या बदलीचा कागद वर पाठवलाय, मावशींनी हळूच सांगितलं. उजवीकडच्या खोलीत मात्र आज सहा माणसं होती.

संध्याकाळी वहिनीने चाचणीचं सांगितलं. दादाने आत जाऊन नमस्कार केला आणि सांगितलं, पुढचा दात गेलाय, वाजवू शकत नाही, तुमचा वेळ घेतला, माफ करा. तिथले तिघंही चुकचुकले. एकोणीस वर्षं ओळखतात त्याला. त्यातला मोठा अधिकारी म्हणाला, "अहो, पालिकेचा स्वतःचा दवाखाना आहे! तिथे त्याच पैशांत दात वाचवतात, छापलेलं असतं चिठ्ठीवर. दोन आठवड्यांत उभे राहिला असतात. गेला का नाहीत तिथे?"

"मग काय म्हणाला तो?" मी विचारलं.

वहिनीने पदराला हात पुसले. दादा बाहेरच्या खोलीत होता, आमचं सगळं त्याला ऐकू जात होतं.

"म्हणाले, आळस केला. गेलोच नाही."